वेलीच्या मुळाशी टाकलेलं मीठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या मालकांना नाही, लेकींनाही नाही. तुम्हाला सांगते — का, ते मलाही नीट कळत नाही.

आकुर्डीत आमची शेती. एकोणीसशे पन्नास साल उलटलं, आजूबाजूला कारखाने यायला लागले, तशा मालकांनी घरामागं तीन खोल्या काढल्या, भाड्यानं द्यायला. एका खोलीत वेंगुर्ल्याकडचं जोडपं आलं. तो कारखान्यात जायचा, ती घरी. सुमन तिचं नाव. येताना तिनं गोणपाटात वाळू आणली अन् वाळूत एक वेल. मर्यादवेल म्हणायची. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळी फुलं, सकाळी उघडायची आणि दुपारी मिटायची. समुद्राकाठी अशीच रानात पसरते म्हणे. मग इथं कशाला आणली? लोक तुळस आणतात, अबोली आणतात. रानवेल कोण आणतं?

कोकणातली माणसं करणी करतात, हे आमच्याकडं लहानपणापासून कानावर पडलेलं. मी नजर ठेवली. ती वेलीशी बोलायची — काय बोलत असेल? वेल माझ्याच दाराकडं का सरकत होती? वर मधमाश्यांची ही रीघ! एकदा मला म्हणाली, "वयनी, ह्ये माशये तुमच्या भोपळ्यारय जातत हां. बघा कसो धरलो तो." भोपळा त्या साली खरंच लगडला होता. पण मला वाटलं, ही आता माझ्या भोपळ्यावर हक्क सांगते की काय!

मग आमची म्हैस आटली. झालं. माझी खात्रीच पटली.

ती विहिरीवर गेली की मी जाऊन वेलीच्या मुळाशी खडेमीठ टाकायची. ओंजळभर, रोज. कुठलंही झाड आठवड्यात जळालं असतं. ही जळेना. उलट तरारली, फुलं दुप्पट आली. आता तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? मी मिठाची ओंजळ वाढवली.

एक दिवस पाणी घालताना सुमनला ते मीठ दिसलं. तिच्या दारात कुणीतरी काहीतरी केलंय म्हणून ती घाबरली, रडायला लागली. शेजारणी जमल्या, मालक बाहेर आले. गप्प राहिले असते तरी एक वेळ — पण नाही. मी पुढं झाले अन् सगळ्यांसमोर म्हणाले, "तिचंच काम हाय. पहाटं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय तिला मीठ टाकून करणी करताना."

हेच ते. हेच इतकी वर्षं पोटात ठेवलं.

मालकांनी त्यांना दोन दिवसांत खोली सोडायला लावली. बातमी पसरली, गावात दुसरं कुणी दार उघडेना. कारखान्यातलं काम सोडून त्यांना आपलं कोकणातलं गाव गाठावं लागलं.

निघताना ती माझ्याकडं आली. म्हणाली, "मीठ कोणीय टाकूंदे, वयनी. माझ्या येलीक म्हायारचा पाणी गावला." समुद्राच्या काठावर ती वेल खाऱ्या पाण्यावरच वाढते, हे मला तेव्हा कळलं. मग तिनं वेलीला पाणी घालायला सांगितलं. मी हो म्हटलं.

तिला कळलं होतं का? त्या बोलण्यात टोमणा होता, की नव्हता? तिचा तो चेहरा मी अजून तपासते. बघा, संशय अजूनही तिच्यावरच घेते.

बैलगाडी वळणापलीकडं गेली तशी मी वेल मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकली. सकाळ होती, फुलं उघडी होती. दुसऱ्या दिवशीही मधमाश्या आल्या, अन् त्या मोकळ्या जागेवर घोटाळत राहिल्या. मी पदरानं त्यांना हाकललं.