सावरीखालचा तंबू

तंबूत झोपायचं खूळ आमच्या ह्यांचं. निवृत्त झाल्यापासून टीव्हीवर डोंगर बघून बघून त्यांना वाटायला लागलं, आपणही एकदा मुळशीच्या पाण्याकाठी मुक्काम करावा. मी मुळीच तयार नव्हते. ह्यांना एकदा गांधीलमाशी चावली तर घसा सुजून श्वास अडकला होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा काही चावू देऊ नका. पण सून स्नेहल गाडी काढायला तयार झाली. मुलगा परदेशात, त्यामुळे ह्यांचे लाड ती एकटीच करते. मग मीही अट घातली, तंबू मी निवडणार.

जन्म शिवणयंत्रावर गेला माझा. दुकानदार रंग दाखवत होता आणि मी तंबू उलटा करून शिवण ओढून बघत होते.

"आई, परकर नाही घ्यायचाय," स्नेहल हळूच म्हणाली.

"परकर उसवला तर फार तर लाज जाते," मी म्हटलं.

तुम्ही तंबू घेणार असाल तर एवढं बघा. दाराला बारीक जाळी हवी आणि तिची चेन आतून-बाहेरून दोन्हीकडून चालायला हवी. दुकानातच दहादा उघडझाप करा, दुकानदार वैतागला तरी. आम्ही घेतला तो तीन माणसांचा. घरी आल्यावर मी चेनीवर मेणबत्ती घासली. शिवाय निळी ताडपत्री घेतली, तेव्हा स्नेहल म्हणाली, "पावसाळा संपलाय. मांडव घालायचाय का?"

दिवाळीनंतरच्या शनिवारी सकाळी कोथरूडहून निघालो. पौडला एसटी स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तिखट होती, पण पाव ताजा. पाणी, बॅटरीचे सेल, काय राहिलं असेल ते पौडलाच घ्या, पुढे मोबाईलची रेंजही जाते. खड्डे चुकवत गाडी पुढे गेली आणि वळणावर एकदम धरणाचं पाणी दिसलं. ह्यांनी काच खाली करून डोकंच बाहेर काढलं.

पाण्याकाठची जागा सोपानराव म्हणून एका शेतकऱ्याची. पन्नाशीचा, उंच, मिस्कील माणूस. त्यानेच उंच सावरीच्या झाडाच्या सावलीत तंबू लावायला मदत केली, दारापुढे आमची निळी ताडपत्रीही अंथरली. मी ह्यांच्या दुखण्याचं त्याला सांगून ठेवलं.

"काळजी करू नका ताई, हितं मुंगी बी इचारून चावती," तो म्हणाला.

तंबू उभा राहिला तशी त्याने कमरेवर हात ठेवून विचारलं, "नवी वस्तू हाय. नारळ न्हाई फोडायचा?"

मला कसंसंच झालं. स्कूटर घेतली तेव्हा पूजा केली, मिक्सर आणला तेव्हा केली, आणि ज्यात निजायचं त्याची नाही? चटणीसाठी आणलेला नारळ होताच. कुंकवाचं बोट तंबूला लावलं. सोपानराव घरी जाऊन पेटती गोवरी घेऊन आला, तिच्यावर ऊद टाकला. स्नेहल फोटो काढत होती, हे हात जोडून उभे होते. धूर छान सरळ वर चालला होता.

कोणीही मान वर केली नाही.

आधी वाटलं, पाण्यावर कुठे मोटार सुरू झाली. मग स्नेहलने कानावर हात मारला आणि किंचाळली. सावरीच्या फांदीला आग्या मोहोळ होतं, पानांत दडलेलं. तिथून काळं काहीतरी सांडत होतं, चाळणीतून सांडावं तसं.

मी ह्यांना तंबूत ढकललं, अक्षरशः मानेला धरून. मागून स्नेहल आत आली. सोपानराव गोवरी विझवायला धावला होता, त्याच्या भोवती नुसता ढग. मी चेन हातात धरून त्याला हाका मारत होते.

"लावा चेन," तो ओरडला. "मी आलो तर माज्यासंगं माश्या येत्यात. दादांना न्हाई चालायच्या."

मी चेन लावली. एका ओढीत लागली.

आत एक माशी आलीच होती. ह्यांच्या कॉलरवर चालत होती. मी ती चिमटीत धरली. मला चावली ते मला नंतर कळलं. जाळीवर बाहेरून माश्या आदळत होत्या, आणि पलीकडे गवतात निळी ताडपत्री गुंडाळून एक माणूस आडवा पडला होता. हालत नव्हता. हे पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "अगं, तो बाहेर आहे."

ऊन उतरल्यावर भुणभुण ओसरली. ताडपत्री उचलली तर सोपानरावाचे डोळे सुजून मिटलेले, हात फुगलेले. तो म्हणाला, "दादा बरं हायेत न्हवं?" स्नेहलने पौडच्या दवाखान्यापर्यंत गाडी कशी हाकली कोण जाणे, ते खड्डे मला आठवत नाहीत. इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. ताडपत्रीने तोंड-मान वाचली म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. सोपानरावाची बायको आली, माझ्या सुजलेल्या बोटाकडे बघून तिनेच मला पाणी दिलं.

घरी येऊन आता पंधरवडा झाला. तुम्ही जाल तेव्हा तंबू ठोकण्याआधी झाड नीट न्याहाळा आणि धूर करू नका, मग तो चुलीचा असो की देवाचा. हे शिकायला सोपं आहे. पण परवा एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला चेन लावत होते, ती सर्रकन लागली आणि माझा हात थांबला.

सोपानरावाचा फोन आला होता. "ताडपत्री माज्याकडंच हाय, ताई. आन् पुढच्या बारीला मोठा तंबू आणा. लई आखडून पडलो."

तो हसला. मला हसता आलं नाही. हे काल तंबू बदलायला घेऊन गेले. कुंकवाचा डाग बघून दुकानदार कुरकुरला, शेवटी वरचे पैसे घेऊन तयार झाला आणि त्याने विचारलं, माणसं किती?

"चार," हे म्हणाले.