टाकीभोवतीची फेरी

कॅन्टीनमध्ये दोन गोष्टी रोज उरतात. एक भात आणि दुसरे किस्से. भाताला आम्ही दुसऱ्या दिवशी फोडणी देतो, आणि किश्शांचंही तसंच करतो. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं कॅन्टीन मी बारा वर्षं सांभाळतेय. चपात्यांना आम्ही चौघीजणी. हात कणकेत असल्यामुळे मोबाईल धरता येत नाही, मग बोलण्याशिवाय दुसरं करणार काय?

पण गेल्या हिवाळ्यातले किस्से वेगळे आहेत. ते सगळे आमच्यातल्या चंद्रकलाच्या मुलाचे, विष्णूचे. कारखान्यात कुणी नवीन आलं की त्याला ते ऐकवायला मलाच बोलावतात, आणि दर वेळी चपात्या लाटणाऱ्या आमच्या मार्थाबाई त्यात भर घालतात. म्हणून म्हटलं, एकदा जसं घडलं तसं लिहून ठेवावं.

* * *

चंद्रकला पाथर्डीकडची. नवऱ्याबरोबर कित्येक वर्षं ऊसतोडीला जायची, मग मुलगा लष्करात लागला आणि ती आमच्याकडे आली. बोलणं कमी, चपाती एकसारखी गोल.

एकदा पीठ चाळता चाळता ती म्हणाली, "विष्णूची निवड झाली. परदेशात जायचंय त्याला. तिथं बर्फात बंदूक घिऊन पळायचं हाय."

मार्थाबाईंचं लाटणं थांबलं. मार्थाबाई श्रीरामपूरच्या, आमच्यात वयानं मोठ्या. शंका आली की विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"कुणाच्या मागं पळायचं?"

"कुनाच्याच मागं न्हाई."

"मग ह्याच्या मागं कोण लागलंय?"

"कुनी न्हाई लागलं. नुसतंच पळायचं. मधी थांबून गोळ्या मारायच्या, परत पळायचं."

मार्थाबाईंनी बराच वेळ विचार केला. मग हळूच म्हणाल्या, "हे सरकारला माहीत आहे का?"

* * *

आम्हाला हा खेळ समजावला तो गेटवरच्या आबांनी. आबा स्वतः लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता आमच्या कारखान्याचे सिक्युरिटी. त्यांनी ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटानं मोठा गोल काढला.

"पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावर अशा तीन फेऱ्या. पहिली फेरी झाली की आडवं पडून पाच गोळ्या. दुसरी झाली की उभ्यानं पाच. मग तिसरी फेरी, आणि संपलं. पन्नास मीटरवर निशाण. आडव्याला लिंबाएवढं, उभ्याला पुरीएवढं."

"आणि नेम चुकला तर?" शबानानं विचारलं. ती आमच्यात सगळ्यात लहान, पण हिशोबाला पक्की.

आबांनी मोठ्या गोलाशेजारी एक छोटा गोल काढला. "चुकलेल्या दर गोळीला ही शिक्षेची फेरी. दीडशे मीटर. तिथल्या तिथं मारायची, मगच पुढं जायचं."

"सगळे एकदम सुटतात का?"

"नाही. एकेक जण. अर्ध्या अर्ध्या मिनिटानं."

शबाना त्या छोट्या गोलाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हे बरंय. चूक झाली, फेरी मारली, विषय संपला. तुम्ही मात्र सकाळच्या जळक्या चपातीवरून संध्याकाळपर्यंत बोलता."

सगळ्या हसल्या. मला ते लागलं, पण खोटं नव्हतं. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की आजपासून मी बोलणार नाही. ज्या तव्यावरची चपाती जळेल, त्या बाईनं मागच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीभोवती एक फेरी मारायची.

पहिली फेरी माझीच झाली. जाहीर करण्याच्या नादात माझ्या तव्याकडे लक्ष नव्हतं.

* * *

तेव्हापासून ती आमची रीतच झाली. शबानाच्या फेऱ्या जास्त, कारण तिचं अर्धं लक्ष फोनकडे. मार्थाबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या फेरीला जाताना सावकाश जायच्या आणि येताना टाकीमागच्या कढीपत्त्याची डहाळी तोडून आणायच्या. म्हणायच्या, "माझी शिक्षा फुकट जात नाही."

चंद्रकलाची मात्र शर्यतीच्या दिवसापर्यंत एकही फेरी झाली नाही. तोवर एकही चपाती जळली नाही तिची. शबाना तिला चिडवायची, "मावशी, एकदा तरी टाकी बघून या. मागून कशी दिसते ते तरी कळेल."

"मला पुढनं दिसती तेवढी बास हाय," चंद्रकला म्हणायची.

* * *

परदेशात जाण्याआधी विष्णू सुट्टीवर गावी आला होता, तेव्हाची गोष्ट त्यानंच आम्हाला सांगितली. गावाकडं बर्फ कुठून आणणार? म्हणून तो चाकं लावलेल्या पट्ट्या घेऊन आला होता. त्या पायात घालायच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि डांबरी रस्त्यावरून रेटा देत सुटायचं.

तो असा चालला असताना मागून ट्रॅक्टर आला. वर एक म्हातारे बाबा. त्यांनी ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरले, विष्णूच्या पायांकडं आणि काठ्यांकडं बघितलं, आणि दुखवट्याला आल्यासारखं हळू बोलले, "कधी झालं रे बाळा हे?"

"काही झालं नाही बाबा. मी पळतोय."

"पळ की. पळायलाच पायजे, हिंमत सोडायची न्हाई." असं म्हणून त्यांनी विष्णूला दंडाला धरलं आणि ट्रॉलीत बसवलं. "पन आता बसून पळ."

विष्णू म्हणतो, त्यांचं मन मोडवेना. गावापर्यंत तो ट्रॉलीत बसून आला. उतरल्यावर त्यांनी त्याच्या दोन्ही काठ्या काळजीपूर्वक त्याच्या हातात दिल्या.

* * *

त्याच सुट्टीत तो आमच्याकडं जेवायला आला. उंच, शांत, तिशीला टेकलेला. आबा खास गेट सोडून आले आणि त्याच्यासमोर बसले.

"एक सांग पोरा. पळत येऊन लगेच नेम धरायचा म्हणजे छाती धडधडत असणार. हात हलत नाही?"

"हलतो ना. म्हणून श्वास अर्धा सोडायचा, अर्धा धरायचा. तेवढ्यात गोळी मारायची."

"शाब्बास. कुणी शिकवलं, कोचनी?"

"आईनं."

आम्ही सगळ्यांनी चंद्रकलाकडं बघितलं. तिनं तव्यावरून नजरही उचलली नाही.

"उसाची मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढताना मंग काय करत्यात? सगळा श्वास सोडला तर पाय लटपटत्यात. सगळा धरला तर डोळ्यापुढं अंधारी येती. अर्धा सोडायचा, अर्धा धरायचा. ह्यो बारका हुता तवाच सांगितलं हुतं."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आम्हाला एवढंच शिकवायला तीन उस्ताद लागले होते."

* * *

स्पर्धेच्या दोन दिवस आधी विष्णूचा फोन आला. फोन झाल्यावर चंद्रकलानं एकदा चाळलेलं पीठ पुन्हा चाळलं. दुपारी कणीक मळताना मी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं.

ऐंशीच्या वर गडी पळणार होते. त्यातले पहिले साठ पुढच्या शर्यतीला जाणार. विष्णू त्या साठात आला तर त्याची संघातली जागा राहणार. नाही आला तर परत युनिटला, आणि ह्या वयात पुन्हा निवड व्हायची नाही, हे त्याला वरून स्पष्ट सांगितलं होतं. आठ वर्षं त्यानं ह्याच्यावर घातली होती.

"साठात यायला पायजे," चंद्रकला म्हणाली.

"अगं, पहिलाच येईल," मार्थाबाई म्हणाल्या. "मी रविवारी चर्चमध्ये पहिल्या नंबरासाठीच प्रार्थना करणार आहे."

"पयला नको. साठावा चालंल."

"देवाकडं मागताना एवढं कमी मागतात का?"

"लागतं तेवढंच मागायचं. जास्तीचं उरतं, मंग शिळं व्हतं."

मार्थाबाईंनी साठाव्या नंबरासाठी प्रार्थना केली.

* * *

आता शर्यतीच्या दिवसाचं.

तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. सेकंड शिफ्टची जेवणाची वेळ. शबानानं फोनवर शर्यत लावली आणि तो मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. विष्णूचा नंबर सातवा, म्हणजे तो सुरुवातीलाच सुटला. आडव्या पाच गोळ्या पाचही लागल्या. आबांनी टेबलावर थाप मारली. चंद्रकला चपात्या लाटत होती.

मग उभ्यानं. पहिली लागली. दुसरी चुकली. तिसरी, चौथी लागली. पाचवी चुकली.

फोनवर विष्णू शिक्षेच्या फेरीकडं वळला, आणि इकडं चंद्रकलानं लाटणं खाली ठेवलं, गॅस बारीक केला आणि मागच्या दारानं बाहेर गेली. खिडकीतून बघितलं तर टाकीभोवती चालत होती. एक फेरी, मग दुसरी. आत आली, हात धुतले, लाटणं घेतलं.

"तुझी कुठं जळली होती?" मार्थाबाईंनी विचारलं.

चंद्रकलानं कणकेचा पुढचा गोळा पोळपाटावर घेतला.

विष्णू रेषेपार आला आणि पडद्यावर नावांची यादी उमटली. सगळ्यात वर आपला झेंडा, शेजारी विष्णूचं नाव, पुढं एकचा आकडा.

"पहिला!" शबाना ओरडली.

मग काय विचारता. त्या दिवशी गोडात गुलाबजाम होते. मी स्वतः मोठा डाव घेतला आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या ताटात दोनाच्या जागी चार घातले. मार्थाबाई रडत होत्या. मशीन शॉपच्या पोरांनी चंद्रकलाला उचलायची तयारी केली, तेवढ्यात आबा आले.

"थांबा, थांबा. आधी सुटला म्हणून आधी पोचला. अजून सत्तरच्या वर लोक मागून येतायत."

डाव माझ्या हातात तसाच राहिला. पडद्यावर विष्णू दुसरा झाला. मग चौथा. मग अकरावा.

रांगेतल्या एका फिटरनं ताट पुढं केलं. "ताई, जामून परत करू का?"

"खा बाबा," चंद्रकला म्हणाली. "साठापत्तुर सगळे खाऊ शकत्यात."

* * *

त्यानंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. जेवण झालेली माणसं हात धुऊन परत येऊन उभी राहिली. शबाना आकडे वाचत होती. एकतीस. चाळीस. अठ्ठेचाळीस. चंद्रकलाची चपाती तेवढीच गोल येत होती. त्रेपन्न. सत्तावन्न. एकोणसाठ.

"साठ," शबाना म्हणाली. "आणि त्याला मागं टाकेल असा एकच जण राहिलाय."

हा शेवटचा गडी कुठल्या देशाचा ते आम्हाला आजही सांगता येणार नाही. विशीतला असेल. गोरा, नाकाचा शेंडा लाल झालेला. उभ्यानं गोळ्या मारायला आला तेव्हा तो विष्णूपेक्षा पुढं होता, घड्याळ तसं दाखवत होतं. चार गोळ्या त्यानं धडाधड लावल्या. पाचवीला थांबला.

आमच्या कॅन्टीनमधली पन्नास माणसं त्या एका फोनकडं वाकली.

पाचवी चुकली.

सगळ्यांनी एकच गलका केला. मार्थाबाई माझ्या गळ्यात पडल्या. आबा म्हणाले, "आता फेरी मारावी लागणार त्याला. तिथं वेळ जातोय. राहतोय विष्णू, राहतोय."

मी चंद्रकलाकडं बघितलं. ओट्याशी ती नव्हती. मागचं दार उघडं होतं.

तो पोरगा फेरी मारून बाहेर पडला, शेवटची मोठी फेरी जिवाच्या आकांतानं पळाला, रेषेवर येऊन बर्फात आडवा झाला. नावं एकदा हलली आणि थांबली. साठाव्या जागी विष्णूचं नाव तसंच होतं.

आम्ही सगळ्या बाहेर धावलो. चंद्रकला टाकीभोवती चालत होती, पदर खोचलेला, नजर खाली.

"मावशी, राहिला! विष्णूभाऊ साठात राहिला!"

ती थांबली. डोळे मिटले, उघडले. श्वास अर्धा सोडलेला मला दिसला.

"आता कशाला चालतेस?" मार्थाबाई म्हणाल्या. "ही फेरी कुणाची?"

"त्या पोराची. त्याची आई लांब आसंल."

"अगं पण झालं ना आता सगळं. ये आत."

"व्हय, पन अर्धी ऱ्हायलीय," चंद्रकला म्हणाली, आणि चालू लागली.

ती पुरी होईपर्यंत आम्ही तिथंच उभ्या राहिलो. मग वास आला. आत जाऊन बघितलं तर चारही तव्यांवरच्या चपात्या कोळसा झालेल्या. चंद्रकलाचीसुद्धा.

मी गॅस बंद केले. आबांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि मागच्या दारात उभे राहिले.

"एकेक जण यायचं. मध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर."

चंद्रकला सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. पदर पुन्हा खोचला.

"सोडा, आबा."