लोकरीच्या दुकानाचं गाऱ्हाणं

बँकेतली वीसेक वर्षांची नोकरी सोडून मी मालवणच्या पेठेत लोकरीचं दुकान घालायचं ठरवलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "हंय घामान अंग निथळता, स्वेटर घालतलो कोण?" मी त्यांना क्रोशाच्या पिशव्या, तोरणं, बाहुल्या दाखवल्या. विणकाम हा माझा जुना नाद. बँकेत जेवणाच्या सुट्टीतही माझ्या हातात सुई असायची. पण लेकीने पन्नाशीच्या तोंडावर पक्की नोकरी सोडावी, तीही न विचारता, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मीही काही कमी हट्टी नाही. घर एकच, ताटं शेजारी-शेजारी, आणि निरोप आईमार्फत. "तुझ्या चेडवाक सांग, जेवाण निवता." आईचा नुसता पोस्टमन झाला होता.

पंचाईत होती दुकान उघडण्याच्या दिवसाची. आमच्याकडे नव्या कामाआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला वडीलधारा मोठ्याने बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. वाडीत कुणाची होडी पाण्यात जायची असो की घर बांधायचं असो, गाऱ्हाण्याला बाबाच लागत. आणि माझ्याच दुकानात ते आले नाहीत तर? 'नाही तर नाही,' असं मी वरवर म्हणत होते, पण आतून रडू येत होतं. त्यांच्या आशीर्वादाशिवाय मला ते शटर उघडायचंच नव्हतं.

ते आले. इस्त्रीचा सदरा घालून, माझ्याकडे न बघता नारळापुढे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान बरी नोकरी सोडल्यान!"

"व्हय म्हाराजा!" शेजारीपाजारी म्हणाले.

"माका इचारल्यानसुद्धा नाय!"

"व्हय म्हाराजा!" आता लोक हसू दाबत होते. मी जाम चिडले. देवासमोर माझी तक्रार, आणि वर सगळ्या पेठेचा दुजोरा!

"तरी तिचा दुकान चलांदे. गिरायकांची रीघ लागांदे!"

"व्हय म्हाराजा!"

मग बाबांचा आवाज खाली आला. "आणि काय वायट येवचा आसात, ता तिच्या नको, माझ्या वाट्याक येवंदे."

कुणीच काही म्हणेना. म्हाताऱ्या माणसासाठी वाईट मागायला कुणाची जीभ रेटेना. बाबा मागे वळून डाफरले, "म्हणा रे! गाऱ्हाणा अर्धा रवता!"

तेव्हा दारात उभी असलेली आई म्हणाली, "अवो, नुसता 'माझ्या' कित्याक? दोघांच्या म्हणा."

माझ्याने राहवेना. "तिघांच्या म्हणा, बाबा."

इतक्या दिवसांनी त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुका कोणी इचारला?" म्हणाले. मग देवाकडे तोंड करून, डोळे पुसत, त्यांनी "तिघांच्या" असंच म्हटलं.




"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम म्हणाले, आणि त्यांत मीही होते.