खटक्याचा बाबू मिस्त्री

बाबू मिस्त्री कुठल्याही दारातून सरळ आत आला, असं मी कधी पाहिलं नाही. उंबऱ्याशी यायचा, थांबायचा, मान मागे टाकून वर बघायचा आणि मगच पाऊल आत टाकायचा. बँक असो, देऊळ असो, नाहीतर माझ्या घराचं चार फळ्यांचं दार असो. देवळात लोकांना वाटायचं, माणूस मोठा भाविक आहे. तो बघत असायचा घंटेची कडी झिजली आहे का ते.

माझ्या पुतण्याचं लग्न पोलादपूरला एका हॉलमध्ये होतं. नवरदेव वाजतगाजत दारात आला, मुहूर्ताला दहा मिनिटं राहिलेली, आणि हा शटरखाली दोन्ही हात पसरून उभा. "थांबा. वर बघू द्या." बँडवाले थांबले, करवल्या थांबल्या, भटजी आतून ओरडायला लागले. ह्याने एक खुर्ची मागवली, तिच्यावर चढला, शटर कुठे कुठे ठोकून पाहिलं आणि उतरला. काही निघालं नाही. माझे भाऊ त्याच्यावर धावून गेले तर शांतपणे म्हणाला, "चांगलं हाय. पण चांगलं हाय ह्ये बगितल्यावरच कळतं ना, दादा?" त्यानंतर आमच्या भावकीत त्याला कुणी लग्नाची पत्रिका दिली नाही. मी मात्र तोंडी आमंत्रण द्यायचो. त्याच्याशिवाय भांडायला मजा येत नसे.

हा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या धनगरवाडीतला. बाबू ढेबे. लहानपण म्हशींमागे गेलं, पुढे मुंबईत कुठल्याशा कारखान्यात मोठी दारं बसवायचं काम शिकला आणि उतारवयात इकडे परत येऊन महाडच्या एमआयडीसीतल्या गोदामांची दारं सांभाळू लागला. मी तिथल्याच एका गोदामात हमालांचा मुकादम. गाव तुडील, शिक्षण चौथी. पण ट्रक कसा भरायचा हे मला शिकवणारा अजून जन्माला यायचा आहे.

आमच्या गोदामाचं दार दोन माणसं उंच. पत्र्याचं, जाड, वजनाला एखाद्या रेड्याहून जास्त. ते दोन्ही कडांना करंगळीएवढ्या तारेच्या दोरांवर टांगलेलं. बटण दाबलं की वरची मोटर दोर गुंडाळायची आणि दार उभंच्या उभं वर जायचं. दिवसभर ते वरच असायचं. आणि त्याच्या बरोब्बर खाली माझं स्टूल. कारण आत पत्र्याखाली भट्टी, बाहेर ऊन, आणि सावित्री नदीकडून येणारी वाऱ्याची झुळूक फक्त त्या दारातून वाहायची. तिथे बसलं की आतले हमालही दिसायचे आणि बाहेरचे ट्रकही. राजाला सिंहासन असतं ना, तसं.

ह्या स्टुलावरून आमची पहिल्या दिवशीच जुंपली.

"मुकादमा, डोक्यावर काय हाय ठावं हाय का?"

"दार हाय. आंधळा नाय मी."

"दार दिसतं. दोर दिसतो का? दोर तुटणार बग. आज नाय तर धा वर्सांनी. दोर तुटायलाच असतो."

"मग बसवलास कशाला असला?"

त्यावर तो हसायचा आणि आपलं काम सुरू करायचा. कामाची त्याची एक तऱ्हा होती. हातात सुती चिंधी घ्यायचा, शिडीवर चढायचा आणि दोरावरून ती चिंधी वरून खाली ओढत न्यायचा, जसं कुणी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा. दोराच्या बारीक तारांतली एखादी जरी तुटली असेल तरी तिचं टोक चिंधीला धरतं. "डोळ्याला फसवता येतं, चिंधीला नाय," हे त्याचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणेन.

आणि दुसरं त्याचं वेड म्हणजे खटका. दाराच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, जिथे दोर अडकवलेला असतो तिथे, एकेक लोखंडी खटका होता. तो कशाला, हे त्याने मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मिस्त्रीला विचारून शिकायचं म्हणजे काय? तो महिन्यातून एकदा यायचा, खटक्यांना बोट लावून टिकटिक वाजवायचा, मान हलवायचा आणि माझ्या स्टुलाकडे बघून काहीतरी टोमणा मारून जायचा. मी म्हणायचो, ह्याला घरी कुणी बोलू देत नसणार.

आता दसऱ्याचं सांगतो. आमच्याकडे खंडेनवमीला गोदाम धुऊन काढायची पद्धत. वजनकाटा, हातगाड्या, क्रेन, सगळं घासायचं, रंगवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे. ज्याचं हत्यार त्याने सजवायचं. दार माझं. मी मुकादम, माझ्या हाताखाली वीस माणसं, पण दाराला मी कुणाला हात लावू दिला नाही. दार खाली आणलं. दोन्ही खटक्यांवर काळं तेल, धूळ, नुसता राडा. मी रॉकेलने घासून ते चकचकीत केले आणि वर चंदेरी ऑइलपेंटचा चांगला जाड हात दिला. रंग थोडा उरला, तो उजव्या खटक्यावर परत फिरवला. डाव्या खटक्याला हार बांधला. वाऱ्याने हार लोंबकळू नये म्हणून सुतळीचे तीन वेढे आणि वर पक्की गाठ. माझी गाठ सुटत नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. पूजा झाली, दार वर गेलं. खाली स्टुलावर बसून वर पाहिलं तर पिवळाधमक हार आणि चांदीसारखे खटके. काय शोभा आली होती म्हणून सांगू!

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी बाबू मिस्त्री आला. नेहमीसारखा दारात थांबला, मान मागे टाकली, आणि तसाच राहिला. मग त्याने शिडी लावली. चिंधी दोरावरून ओढली. डाव्या दोराला ती मध्येच अडकली. सोडवून पुन्हा ओढली, पुन्हा अडकली. तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. टोमणा नाही, काही नाही.

"मुकादमा, ऊठ तिथनं."

"का?"

"ऊठ म्हणतो ना."

आता असं कुणी मला माझ्या माणसांदेखत बोललं तर मी उठेन का? मी पायावर पाय टाकला. "ट्रक येतोय. तो भरला की उठीन."

त्याने माझ्याकडे पाहिलं. वर पाहिलं. मला वाटलं आता ओरडणार. तर एकदम मवाळ होऊन म्हणाला, "बरं, ऱ्हावू दे. पण त्यो बाहेरचा ट्रक वाकडा लावलाय. डायवर टपरीवर बसलाय, कुणाचं ऐकत नाय. मी सांगितलं तर मला म्हणतो, मुकादम कोण हाय त्याला पाठव."

"असं म्हणाला?"

"मंग!"

मी तरातरा टपरीवर गेलो. ड्रायव्हर भजी खात होता. ट्रक सरळ होता, भरून झालेला होता आणि त्याने बाबू मिस्त्रीला जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्याला दोन शब्द सुनावून मी परत आलो. तेवढ्यात इकडे सगळं झालं होतं. दार छातीएवढं खाली आणलेलं, मधोमध एक लाकडी टेकू लावलेला, आणि दोन्ही दोर दारापासून सोडून बाजूला लोंबत ठेवलेले. हमाल सगळे लांब उभे. दाराखाली फक्त माझं स्टूल. टेकूला एक लांब रश्शी बांधलेली आणि तिचं टोक मिस्त्रीच्या हातात. गडबड ऐकून मॅनेजर साहेबही येऊन उभे.

"मला फसवलंस," मी म्हटलं.

"व्हय. आता ही रश्शी धर. दोर तुटला असं समज. खटके चांदीचे झालेत, ते दार धरतात का बगू. ओढ."

"ओढतो की. काय व्हायचं हाय?"

खोटं कशाला सांगू, मला खात्री होती. मी एवढं घासूनपुसून स्वच्छ केलेलं, वर पूजा केलेली. मी रश्शीला हिसका दिला.

टेकू निसटला आणि दार खाली आलं. आवाज असा की पलीकडच्या कंपनीतली माणसं धावत आली. धूळ बसली तेव्हा स्टुलाची चौथी तंगडी कुठे गेली ते सापडेना. बाकीच्या तीन दाराखाली, भाकरीसारख्या चपट्या.

रश्शी अजून माझ्याच हातात होती.

"हा हार कोणी बांधला?" साहेबांनी विचारलं.

मी बोललो नाही. माझी गाठ होती, सगळे हमाल ओळखत होते, पण तेही गप्प राहिले. बाबू मिस्त्री पुढे झाला. "साहेब, बांधणाऱ्याचं सोडा. इतकी वर्सं मी ह्यांना नुसता वरडत आलो. खटका काय करतो ते एकदा तरी दावायला पायजे होतं. ती माजी चूक." साहेबांनी दार बंद ठेवायला सांगितलं आणि निघून गेले.

त्या दुपारी त्याने मला खटका दाखवला. हार कापला, रंग खरवडला. आत एक दात होता, करवतीसारखा, आणि त्याच्या मागे स्प्रिंग. "ह्ये बग. दोर ताणलेला हाय तोवर दोरच ह्या दाताला मागं ओढून धरतो. दोर सैल पडला, तुटला, की स्प्रिंग दाताला पुढं ढकलते आणि दात चौकटीच्या उभ्या पट्टीत रुततो. दार जितकं खाली जायला बगंल तितका जास्त रुततो. कशेडी घाटाच्या चढाला ट्रक थांबला की किलीनर काय करतो?"

"चाकामागं दगड लावतो."

"बिरेक असतो ना? तरी लावतो. त्यो दगड ह्यो. फकस्त ह्यो आपणहून लागतो. आणि तू त्या दगडाला हार घालून बांधून ठेवला. दुसऱ्याला रंगात चिकटवला."

"पण चार दिवस दार नीट चाललं की."

"चालणारच. दोर धड असला तर खटका हाय का नाय, कुणाला कळतं? त्याचं काम एकदाच येतं."

दोन दिवसांत नवे दोर आले. त्याने पुन्हा टेकू लावला, दोर सोडले, रश्शी पुन्हा माझ्या हातात दिली. ह्या वेळी मी ती जरा उशिराच ओढली. कट्ट करून आवाज आला, दार दोन बोटं खाली सरकलं आणि हवेत थांबलं. नुसतं थांबलं! दोर नाही, टेकू नाही, काही नाही. मी चारदा त्याच्याखाली वाकून पाहिलं, अर्थात लांबूनच.

दुसऱ्या दिवशी मी नवी खुर्ची आणून जुन्या जागी मांडली. आता खटका आहेच, म्हटलं, मग काय भीती. बाबू मिस्त्रीने खुर्चीकडे पाहिलं, कपाळावर हात मारला. "अरे, खटका मुद्दाम खाली बसणाऱ्यासाठी नाय रे, चुकून खाली सापडणाऱ्यासाठी हाय." मी खुर्ची चार हात बाजूला घेतली. त्याने सांगितलं म्हणून नाही. तिथे ऊन यायला लागलं होतं.

पुढे आम्ही दोघांनीही काम सोडलं. तो वर वाडीत गेला, मी तुडीलला. फोनवर भांडायचो. त्याला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, तरी सुनेला गोठ्याच्या दावणी चिंधीने तपासायला लावायचा, असं ती रडकुंडीला येऊन सांगायची. गेल्या पावसाळ्यानंतर तो गेला. मला तेरावा उलटून गेल्यावर कळलं. गुडघे कुरकुरत होते, पण मी डोंगर चढलो.

त्याची बायको ओसरीवर बसली होती. मी कोण ते सांगितलं तर म्हणाली, "तुमीच व्हय ते मुकादम? या भावोजी. लय नाव काढायचं तुमचं." मग पाणी दिलं. जरा वेळाने आपणच बोलू लागली. "सगळी वर्सं दारं टांगण्यात गेली त्यांची. कदी माणूस दगावला नाय. म्हणायचं, माजं एकच दार पडलं, पन खाली कोन नव्हतं. असं म्हणत निजायचं, सुखानं."

मला तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. तिला काही ठाऊक नव्हतं, आणि जो सांगू शकला असता तो गेला होता. साहेबांपुढे मी गप्प बसलो, हमालांपुढे बसलो, घरी बायकोला तर स्टूल जुनं झालं म्हणून मोडलं असं सांगितलेलं. एवढी वर्षं ते पचलं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "खाली मी होतो. दार पडायच्या अर्धा तास आदी. हार मी बांधलेला, रंग मी दिलेला, आणि ऊठ म्हटलं तर मी उठलो नाय. त्याने खोटं बोलून मला उठवलं. तू मला वाचवलंस, असं मी त्याला कदी बोललो नाय."

वहिनींनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघून घेतलं, जसं मी आत्ताच त्या दाराखालून निघून आलोय. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मंग आता जेवल्याबिगर जायाचं नाय," म्हणाल्या, आणि चूल पेटवायला आत गेल्या.