गोदूबाईची टाकी

आचऱ्याच्या गोदूबाईचा मिठावर जेवढा विश्वास, तेवढा भावकीवरही नव्हता. चाळीस वर्षं बांगडे खारवून विकलेली बाई ती. मीठ लावलं की काही नासत नाही, एवढंच तिचं शास्त्र.

मुंबईला गिरणीत असलेल्या सत्यवानाने त्रेसष्टच्या दिवाळीत आईच्या परसात टाकीचा संडास बांधून दिला. कारण त्याची बायको पद्मावती. मागच्या खेपेला माडांमागे जावं लागतं म्हणून ती दुसऱ्याच दिवशी तान्ह्या पोराला घेऊन परतली होती. नातवाचं तोंड गोदूबाईने धड पाहिलंही नव्हतं. येत्या मे महिन्यात सून राहायलाच हवी, टाकी नासून वास यायला नको, म्हणून बांगड्यांच्या पिंपातलं खारट पाणी ती रोज बादलीभर संडासात ओतू लागली.

मार्चमध्ये टाकी अशी घाण मारायला लागली की शेजारची कृष्णाबाई नाकाला पदर लावूनच बोले. गोदूबाई चक्रावली. तिने एकाच्या दोन बादल्या केल्या, तर वासही दुप्पट झाला.

शेवटी टाकी बांधणाऱ्या प्लासिद गवंड्याला बोलावलं. त्याने झाकण सरकवलं आणि कपाळाला हात लावला.

"गोदूबाय, हेच्यात बारीक जीव आसतत. डोळ्यांक दिसनत नाय, पण घाण तेच खातत. तू तेंका मिठान मारलंस."

"म्हणजे किडे पोसूचे मियां?"

"बांगड्याक मीठ कित्याक लावतस?"

"कुजा नये म्हणान."

"आनि हय टाकीत काय होया?"

गोदूबाईने टाकीत डोकावून पाहिलं. जन्मभर जे कुजणं होऊ दिलं नाही, ते आता मुद्दाम करायचं? प्लासिदने वर शेणकाला ओतायला सांगितला. तिने तो डोळे मिटून ओतला आणि खारट पाणी पुन्हा पूर्वीसारखं समुद्राकाठच्या पुळणीवर नेऊन टाकू लागली. हळूहळू वास गेला. कसा गेला, देव जाणे.

मे महिन्यात पद्मावती आली ती थेट परसात गेली. नातवाला कडेवर घेऊन गोदूबाई उभी. सून हसतच बाहेर आली.

"आई, जरासुद्धा वास नाही! महिनाभर राहते मी. आणि हे बघा, मुंबईहून फिनेल आणलंय. रोज अर्धी बाटली ओतू."

गोदूबाईने बाटली हिसकावून घेतली. "नको गो बाये, ते मरतले!"

"कोण मरतील?"

गोदूबाईने नातवाला आणखी घट्ट धरलं. "माका म्हायत नाय गो," ती म्हणाली, "पण तू रव."