नावावरची पट्टी

"नाव मागाहून. आधी पेशी!" असं म्हणत सर स्लाइडवरच्या नावावर कागदी चिकटपट्टी लावायचे आणि मगच ती मायक्रोस्कोपखाली सरकवायचे. नाव कळलं की माणसाला दया येते आणि निदान चुकतं, असं त्यांचं म्हणणं.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, तेव्हा मी नागपूरहून इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आले. सर इथल्याच तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतले, पण बोलणं अस्सल वऱ्हाडी. असे वरिष्ठ तुम्हीही पाहिले असतील: तोंडाने फटकळ, आणि डब्यातली अर्धी भाजी दुसऱ्याच्या डब्यात.

लॅबच्या दाराशी ते चपला काढायचे.

"देवघर आहे का सर?" मी चिडवायची.

"त्याच्याहून जास्त. इथं खोटं बोलता येत नाई."

पेशी रंगवायचं चांदीचं द्रावण फरशीवर सांडलं की त्यांचा अनवाणी पाय नेमका त्यातच. त्या द्रावणाचे काळे डाग आम्हा सगळ्यांच्या बोटांवर असत. त्यांच्या टाचेवरही एक होता.

"सर, हा जात का नाही?"

"काहून घाबरते? रंग आहे."

दिवसभर कॅन्सर ओळखणारी माणसं आम्ही. पटलं आम्हाला.

एका दुपारी त्यांनी पट्टी लावलेली स्लाइड पुढे केली. "सांग."

कानात, नाकात असते तशी कूर्चा दिसली. "कूर्चेची साधी गाठ, सर."

त्यांनी स्लाइड जराशी सरकवली. "कोपरा पाहून घे."

कोपऱ्यात काळा रंग भरलेल्या वेड्यावाकड्या पेशी होत्या आणि त्याच पुढे कूर्चा होत गेल्या होत्या. मेलॅनोमा! त्वचेचा जीवघेणा कॅन्सर, कूर्चेचं सोंग घेतलेला. पुस्तकात याला जेमतेम एक ओळ. मी खुर्चीतून उठलेच. "सुंदर, सर!" दुर्मिळ स्लाइडला हा शब्द त्यांनीच आम्हाला शिकवला होता.

"हव, सुंदरच आहे," म्हणत त्यांनी पट्टी सोलली. खाली त्यांचंच नाव होतं.

माझी नजर टेबलाखाली गेली. टाचेला बँडेज होतं, आणि सर पहिल्यांदाच लॅबमध्ये चपला घालून बसले होते.

"तू म्हणाली ना, साधी गाठ? मीबी सकाळपासून तेच म्हणून पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "लिही आता रिपोर्ट. सही तुझी."

पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही.

मी अजूनही नावावर पट्टी लावते. निदान मीच करते. पट्टी काढायची वेळ आली की मात्र शेजारी जो असेल त्याला म्हणते, "तू काढ."