येते

समोरच्या फ्लॅटमधल्या कुसुमकाकू चपला घालता घालता थांबल्या, दाराशेजारच्या छोट्या स्क्रीनवर बोट टेकवलं आणि स्वतःशीच हसल्या. मलाही हसू आलं.

काकू एकट्या राहतात. परगावच्या मुलीने ती स्क्रीन बसवून दिली. काकू बाहेर निघाल्या की डॉक्टरांना, बीपी बघायला येणाऱ्या नर्सला आणि डबा देणाऱ्या सुमनताईंना एकदमच कळतं. डबा अर्धा परत गेला, तर तेही नर्सपर्यंत पोचतं.

सुरुवातीला त्यावर दोन बटणं होती, ‘घरी आहे’ आणि ‘जाते’. दुसऱ्याला काकू हातच लावेनात. एकदा नर्स बेल वाजवून थकली, डॉक्टरांचे फोन सुरू झाले, सुमनताई धावत आल्या, मी किल्लीवाल्याला बोलावलं. तेवढ्यात काकू बागेतून सोनचाफा घेऊन जिना चढून आल्या.

“काकू, बटण का नाही दाबलंत?” नर्स रडवेली झाली होती.

“अगं, घरातून निघताना ‘जाते’ म्हणतात का कधी? ‘येते’ म्हणतात!”

एवढी हुशार स्क्रीन, पण निघतानाच परत येण्याचा शब्द देऊन ठेवायचा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मुलीने त्याच दिवशी तिकडूनच बटण बदलून ‘येते’ केलं.

काका गेल्यापासून काकू निघताना रिकाम्या घरालाच ‘येते हं’ म्हणायच्या. आज त्यांनी बटण दाबलं आणि जिना उतरायच्या आत स्क्रीनवर सुमनताईंचं उत्तर उमटलं :

‘या. थालीपीठ गरम ठेवते.’